शेवंतीकडची पोपटी

शेवंतीला माणसं जेवायला घालायची भारी हौस. पण राहायला ठाण्याजवळच्या दिवा गावात भाड्याची खोली, आणि नळाला पाणी येईल तेव्हा खरं. त्यामुळे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तिच्यासोबत खोकी भरणाऱ्या जयाला आणि रंगूबाईला घरी बोलवायचं दरवेळी राहून जायचं. त्या दोघी मात्र सणासुदीला तिला हक्काने ओढून न्यायच्या. ती पोटभर जेवायची, पण परतताना मनाला कुठेतरी लागायचं.

या जानेवारीत तिने ठरवलंच. दोघींना सांगून टाकलं, "रविवारी संध्याकाळी माझ्याकडे. कारणं नकोत."

रविवारी सकाळीच तिने कल्याणचा शेतकरी बाजार गाठला. खडवलीची गोदाताई तिथे आपल्या शेतातला माल घेऊन बसते. नवा तांदूळ, लाल माठ, वालाची आमटी असा बेत पक्का होता. पिशवी उघडतेय तोच शेजारणीचा फोन आला. पाइप फुटलाय, आज थेंब येणार नाही.

तिने जयाला कळवलं. जया म्हणाली, "अगं, मग माझ्याकडे या ना सगळ्या!"

"नाही. माझ्याकडेच यायचं."

बोलून तर बसली, पण आता करणार काय? तांदूळ धुणार कशाने? माठाची माती काढणार कशाने? तेवढ्यात तिची नजर गोदाताईच्या वालाच्या शेंगांवर गेली. शेजारी भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्याही होत्या. शेवंतीचं माहेर रोह्याकडचं. थंडीत शेतावर मडक्यात हा पाला नि शेंगा भरून, जाळावर भाजून पोपटी लागायची, तिला पाणी लागतंय कुठे!

"गोदाताई, शेंगा दे. भरपूर दे. रताळी, कांदे आणि हा पालापण."

"दिव्यात पोपटी लावतेस?" गोदाताई हसली आणि टच्च भरलेल्या शेंगा निवडून देऊ लागली.

वाटेत शेवंतीने मडकं आणि अंडी घेतली. शेंगा कोरड्या फडक्याने पुसल्या, मीठ-ओवा चोळला. मडक्यात पाला, त्यावर शेंगा, रताळी, कांदे, अंडी असं रचून तोंड पाल्याने गच्च बंद केलं. ऊन कलल्यावर इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मडकं उपडं घातलं आणि भोवती काटक्या, सुक्या झावळ्या पेटवल्या.

पाहुण्या आल्या तेव्हा जाळ चांगला धरला होता. रंगूबाईच्या हातात पाण्याचा कॅन. "राग मानू नको हां. पिण्यापुरतं आणलंय."

शेवंतीचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती म्हणाली, "बरं केलंस. तूच शिंपड चार थेंब, पोपटी झाली का ते कळेल."

रंगूबाईने ओल्या बोटांनी मडक्यावर पाणी उडवलं. चर्र आवाज झाला.

"झाली!" शेवंती ओरडली.

मडकं पत्रावळ्यांवर रितं झालं तशी ओव्याची, भाजल्या पाल्याची वाफ सगळीकडे पसरली. वासाने शेजारणी आल्या, त्यांची पोरं आली. शेवंतीने सगळ्यांना बसवलं. जयाची बोटं भाजली, तरी ती शेंगा सोलतच होती.

"इतकी वर्षं का नाही बोलावलंस गं?" जयाने विचारलं.

"लाज वाटायची. पाहुणा हात धुवायला उठला आणि पाणी नसलं तर?"

जयाने सोललेले गरम दाणे शेवंतीच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "आधी तू खा. मघापासून आम्हालाच वाढतेयस."

शेवंती तिथेच मांडी घालून बसली. आज ती आपल्या दारात, आपल्या माणसांच्या पंगतीत जेवत होती. रताळं सोलता सोलता तिने रंगूबाईला हाक मारली, "अगं, लाजतेस काय? अंडी अजून आहेत, घे!"