भातकापणीच्या दिवसांत बाळकुमची हवा

दसऱ्यानंतर हवाबदलाला कुठे जावं, असं वाचक मला विचारतात. माझा अनुभव एकाच गावाचा आहे, तोही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. तेव्हा ठाण्याजवळच्या बाळकुमला भाताची शेतं होती.

पाऊस संपला की यांना शिंका सुरू व्हायच्या, मग दम लागायचा. अशाच एका आश्विनात हे गेले. तीन वर्षांनी आमच्या वैशालीला तेच सुरू झालं. तेव्हा ती कॉलेजात होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं: पावसानंतर गवत फुलतं, त्याचे परागकण हवेत असतात, काहींच्या श्वासनळ्या त्यांच्यामुळे आवळतात. सकाळी खिडक्या बंद ठेवा, कपडे घरातच वाळवा, बाहेरून आल्यावर केस धुवा. दम लागला तर ओढायला त्यांनी पंप दिला. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतही मी हेच वाचलं होतं. पण वैशाली पंपाला हात लावेना. शेवटच्या दिवसांत बाबांच्या उशाशी तोच होता.

“पंप आला म्हणजे संपलंच, आई. आधी मला चांगल्या हवेत ने. तिथेही दम लागला तर ओढीन.”

म्हणून आम्ही निघालो. यांच्या ऑफिसातल्या एका मित्राची आई, हिराबाई, बाळकुमला एकट्या राहायच्या. कोळ्यांचं जुनं घर, मागे खाडी. डोंबिवलीहून दुपारची गाडी घेतली. कळवा सोडून खाडी लागली तेव्हा वैशालीने नाकावरचा रुमाल काढला. ठाण्याहून पुढे रिक्षा लवकर नेते, पण सगळी धूळ अंगावर येते. दम्याचं माणूस बरोबर असेल तर बसच बरी, आणि ती स्वस्तही.

हिराबाई दारातच म्हणाल्या, “काय गो बाय, पोरीला फडक्यात बांधून आणलीस? सोड तिला. खाडीचा वारा फुकट हाय.”

आणि खरंच, पहिल्या रात्री वैशाली आडवी झोपली. घरी ती उशांना टेकून बसून झोपायची. सवयीने मी तिचा श्वास ऐकत राहिले, शिट्टी नव्हती. हिराबाई खाडीतल्या निवट्या माशांचं झणझणीत कालवण आणि तांदळाची भाकरी वाढायच्या. “सासरी एवढं खाशील तं परत धाडतील,” त्या म्हणाल्या आणि वैशाली हसली. हसून खोकली नाही. मी मनात डोंबिवलीची जागा विकूनही टाकली. रस्त्यालगत नव्या इमारती उठत होत्या, त्यांतली एखादी खोली आम्हाला पुरली असती.

खोली बघायला आम्ही तिघी निघालो. वाट हिराबाईंच्या शेतावरून होती. तिथे भात झोडणं चाललं होतं, आणि वारा खाडीकडून नव्हता, शेताकडून होता. बांधावर वैशाली थांबली. तिचे खांदे वर गेले, मान ताणली गेली. ते मी पूर्वी पाहिलेलं होतं. मी पिशवीतून पंप काढला. ती मान हलवत राहिली.

“घे गो,” हिराबाई ओरडल्या. “हट्ट कसला करतंस? आयशीचं तोंड बघ!”

पहिल्यांदा औषध तोंडाबाहेरच गेलं. दुसऱ्यांदा तिने ओढलं. हळूहळू खांदे खाली आले. ती बांधावर बसली आणि रडली. “म्हणजे मीही,” एवढंच म्हणाली.

हिराबाईंनी तिची पाठ चोळली. “पुढल्या वर्षी ही शेतं नसतील. बिल्डरला दिली आमी. तवा ये, सुखानं झोपशील.”

त्यांची जमीन जाणार होती, आणि क्षणभर मला आनंद झाला. मग इमारतीपाशी पोचलो. तिथे सिमेंट उडत होतं. वैशालीने रुमाल परत बांधला. खोली मी बघितलीच नाही.

दुसऱ्या दिवशी परत आलो. विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: जायचं तर जा, खाडीचा वारा खरंच चांगला आहे, पण तो कधी फिरेल हे कुणाच्या हातात नाही. पंप बरोबर न्या, आणि तो कसा ओढायचा ते डॉक्टरांसमोर करून बघा. त्याची भीती धरू नका. त्याच्यामुळे माझी मुलगी अजून आहे. पण दर आश्विनात ती आणि मी खिडक्या लावून बसतो. जिथे हे दुखणं येणार नाही असं गाव मला सापडलेलं नाही, आणि मी शोधणंही सोडलं आहे.

परत आलो त्या संध्याकाळी वैशाली केस धुऊन स्वयंपाकघरात येऊन बसली.

“आई, आत एवढं आवळलेलं असताना बाबा माझ्याशी हसायचे कसे गं?”

मी तांदूळ निवडत राहिले. यांच्या शेवटच्या महिन्यातले जे दिवस मी बरे म्हणून जपून ठेवले होते, ते सगळे त्यांच्या हसण्याचे दिवस होते.