ज्याच्या पाळीत दिवा लागेल

अन्याय माझ्या ताईवर झाला. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावरच्या पहिल्याच सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, सिल्लेवानीच्या घाटात. करणारे परके नव्हते, आमच्याच वस्तीतले होते. म्हणूनच त्यावर कोणी पत्रक काढलं नाही. मी लिहिते.

आधी गाडीचं सांगते. सौंसरला आमच्या बौद्ध वस्तीची एक सामाईक गाडी आहे. आमच्याकडे आली तेव्हाच ती दोन मालकांच्या हातून गेलेली होती. दवाखाना, लग्न, परीक्षा, सगळ्याला तीच. नळाच्या पाण्यासाठी आम्ही मोहीम चालवली, तेव्हा बोरगाव आणि जामसांवलीला मी हिच्यातूनच पत्रकं वाटली. किल्ली काकांकडे असते. काका म्हणजे माझे सख्खे नव्हेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, विहाराला लागून राहणारे, आणि वस्तीत ज्यांचा शब्द शेवटचा मानतात ते.

गाडीचा नियम एकच. मीटरमध्ये पान्ह्याच्या आकाराचा एक पिवळा दिवा आहे. सर्व्हिसिंगची वेळ झाली की तो लागतो. ज्याच्या पाळीत, म्हणजे गाडी ज्याच्याकडे असताना, दिवा लागेल, त्याने गाडी मेकॅनिककडे न्यायची आणि स्वतःच्या खर्चाने ऑइल बदलून आणायचं. विहाराच्या अंगणात टाळ्या वाजवून हे मंजूर झालं होतं. ऐकायला किती न्यायाचं वाटतं!

पण तो दिवा ऑइल पाहत नाही. तो नुसते किलोमीटर मोजतो. आणि त्याला विझवणं पोरखेळ आहे. गाडी बंद असताना मीटरजवळची खुंटी दाबून धरायची, दाबलेलीच ठेवून किल्ली फिरवायची. दिवा जरा लुकलुकतो आणि जातो. मोजणी पुन्हा शून्यापासून. ऑइल मात्र तेच, जळालेलं, काळं, दिवसेंदिवस कमी होत जाणारं.

ताई पांढुर्ण्याला दिलेली. नर्सिंग शिकली, मग सासरचं सगळं करता करता भरतीच्या परीक्षा देत राहिली. या वेळी यादीत नाव लागलं. आमचा पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यापासून वेगळा झाला, तरी कागदांची तपासणी छिंदवाड्यालाच होती आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत ती संपणार होती. पुढच्या भरतीत तिचं वय बसत नव्हतं. म्हणजे हीच संधी, आणि तपासणीचा हाच शेवटचा दिवस. दिवाळीच्या सुट्ट्यांत एक दाखला अडकला होता, तो कारकुनाच्या घरून तिच्या हातात पडला रविवारी संध्याकाळी. तशीच ती बसने सौंसरला, माहेरी आली.

सकाळी ती नऊच्या बसने निघत होती. काकांनी दारातच अडवलं.

"आपली गाडी असतानी बसनं काहून जातं वं पोरी? नोकरीवाली बाई तू आता. थाटात जा."

मी विचारलं, "काका, गाडी ठीक आहे ना? घाट चढायचा आहे."

"एकबी दिवा लागून नाही राहिला. पाहून घे. तू पत्रकं वाट बाप्पा, गाडीचं आम्ही पाहतो."

मी पाहिलं. खरंच एकही दिवा नव्हता. ताई बसली, फाइल मांडीवर घेतली, आणि मी गाडी काढली.

रामाकोन्यापर्यंत सगळं बरं चाललं. ताई फाइल उघडायची, कागद चाळायची, मिटायची, पुन्हा उघडायची. "किती वेळा पाहशील? पळून जातील का ते?" असं मी म्हटलं, तेव्हा ती हसली होती. घाट लागला आणि दुसऱ्याच वळणावर मीटरमध्ये लाल काहीतरी चमकलं. तेलाच्या बुधलीचं चित्र. वळण सरलं, विझलं. पुढच्या वळणावर पुन्हा लागलं आणि या वेळी जास्त वेळ राहिलं.

"काय आहे ते?"

"ऑइलचा."

"तो पिवळा असतो ना?"

"हा वेगळा. पिवळा आठवण करून देतो. हा लागला की इंजिन मरून राहिलं समज."

तिने फाइल मिटली. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तिसऱ्या वळणानंतर लाल दिवा विझलाच नाही, आणि इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली, कोणी आत हातोडी घेऊन बसल्यासारखी.

"वरपर्यंत तर ने," ताई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "वरून दुसरी गाडी भेटेल. थोडंच आहे वं."

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. वस्तीत दुसरी गाडी नाही. ही गेली तर उद्या दवाखान्यात कोणाला कशातून न्यायचं? हे मी तिला बोलून दाखवलं नाही. दार उघडून ती रस्त्यावर उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवू लागली.

मी बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची कांडी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. टोकाला डांबरासारखा एक ठिपका. बाकी कांडी कोरडी.

कितीतरी गाड्या थांबल्याच नाहीत. दोन बस गच्च भरून गेल्या, चालकाने नुसता हात हलवला. शेवटी संत्र्यांची पिकअप थांबली. चालक म्हणाला, "बसा ताई, पण मी हळू चालतो बरं. माल हाये." ताईने फाइल छातीशी धरली आणि चढली. मागे वळून पाहिलं नाही. फोनला रेंज नव्हती. मी खाली जाणाऱ्या एका बसच्या कंडक्टरकडे सौंसरच्या मेकॅनिकसाठी निरोप दिला आणि गाडीला टेकून उभी राहिले. बारा वाजले. त्यानंतर मी घड्याळ पाहणं सोडून दिलं.

मेकॅनिक आला, जुनं ऑइल काढलं, नवं भरलं, चालू करून कान लावला. "वेळेवर बंद केली म्हणून वाचली. आणखी दोन वळणं गेली असती, तर भंगारातच होती." तो हात पुसत असतानाच खाली उतरणारी एक बस थांबली. ताई उतरली.

"काय झालं?"

"पोहोचली मी. टेबल उचलून राहिले होते. तिथला बाबू म्हणाला, मैडम, लिस्ट बंद हो गई, ऊपर भेज दी." मग ती गाडीत बसली आणि म्हणाली, "घरी चाल."

पुढच्या रविवारी वंदनेनंतर मी विहाराच्या अंगणात प्रश्न मांडला. काका म्हणाले, "दिवा तर लागलाच नव्हता. नियम दिव्याचा हाये. मंग दोष कोणाचा?"

एक मावशी खरं बोलल्या. "माह्या पाळीत लागला होता बाप्पा. दाबला मी. सगळेच दाबतात." कोणीतरी हसलं. मागून आवाज आला, "मीबी दाबला." आणखी एक. आणखी एक. वर्गात हजेरी द्यावी तसं चाललं होतं. एक जण मला म्हणाला, "आता आपल्याच लोकांवर पत्रक काढतं का?"

ताई तोवर बसूनच होती. तिने एवढंच विचारलं, "सगळ्यांनी दाबला. मंग ऑइल कोणी बदललं?"

काकांनी किल्ली खिशातून काढली, हातात फिरवली, परत ठेवली.

चूक एकाची असती तर मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते. इथे प्रत्येकाने फक्त स्वतःची पाळी टाळली, आणि टाळलेल्या सगळ्या पाळ्या त्या सोमवारी ताईच्या वाट्याला आल्या. रविवारच्या त्या बैठकीनंतर ती संध्याकाळच्या बसने पांढुर्ण्याला परतली. थाटात नाही, उभ्याने.

आता तुम्ही. हे वाचणारे. तुमच्या घरची गाडी असो, गावाची असो, ऑफिसची असो, जुनी असेल तर आज काढण्याआधी बॉनेट उघडा. कांडी काढून पाहा. पिवळा दिवा लागलेला असेल तर तसाच राहू द्या, सगळ्यांना दिसू द्या. ऑइल बदलल्याशिवाय त्या खुंटीला बोट लावू नका. तुमच्यानंतर त्या गाडीत कोण बसणार आहे, ते तुम्हाला माहीत नाही.