अळणी वरण

मावशी नळावर आली की लुगडं जरा वर धरायची, नडगीवर अंगठा दाबायची आणि आम्हा बायकांना दाखवायची, "पाह्य वो, गड्डा!" अंगठा काढला तरी खळगा तसाच राहायचा. तिला त्याची मोठी गंमत वाटायची. आम्ही मात्र म्हणायचो, अगं, दवाखान्यात जा.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. वस्तीत राहिला असाल तर अशी एखादी मावशी तुमच्याही नळावर असणारच. ही गोंदियाकडची, साठी उलटलेली. एकुलता एक लेक सुखदेव नव्या भट्टीवर कामाला. मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर फार वाढलंय, त्यानं मूत्रपिंडं थकलीत, मीठ बंद करा.

"पिरेशर तं भट्टीले राह्यते म्हणे. माह्या अंगात कावून शिरलं?"

पण मीठ काही सुटेना. मी चिडलेच एकदा. तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, अळणी तं सुतकात रांधतेत. लेक आगीपुढं उभा हाय, अन् मी घरात सुतकाचं शिजवू?"

स्वतःपुरतं वेगळं शिजवायलाही तयार नाही. चूल तीच ना. शेवटी मी म्हटलं, "आमचे हे रेल्वेत, तिकिटाच्या खिडकीवर. माझ्या चुलीवरचं चालेल?"

तिनं बराच विचार केला. "हाव, चालंन. तुह्या नवऱ्याले काय होते? बसून तं राह्यते."

मग ती लेकाला वाढून माझ्याकडे जेवायला यायची. "बाप्पा! भिंत चाटल्यावानी लागते," म्हणत वरण भुरकायची. सूज थोडी उतरली. पण थकलेली मूत्रपिंडं पुन्हा तरणी होत नाहीत, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी तिला कधी बोलले नाही. जीव जडला होता माझा तिच्यावर.

थंडीत ती गेली. त्याच्या थोडं आधी सुखदेवची बदली भट्टीवरून गोदामात झाली. दुसऱ्याच दिवशी मावशी दारात. तोंडही सुजलेलं, पण हसत होती.

"आज माह्याकडं जेव."

सुखदेव ताटावर बसलाच होता. मी पहिला घास घेतला. मिठाचा कण नाही.

"कसं झालं?"

"झकास."

"खोटारडी!" म्हणत ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि तेच वरण तिनं लेकाच्या भातावर ओतलं.