कुंडीचं पाणी

पाण्याने थंड होणारा माझा कॉम्प्युटर ज्याने बांधला, त्या माणसाचा मला आजही राग येतो. पूर्वी तो शाहपुरात केळीच्या बागांना ठिबकच्या नळ्या जोडायचा. कॉम्प्युटरमधल्या नळ्यांखाली वर्तमानपत्र पसरून, कुठे गळतंय का ते तो दोन दिवस नुसता बघत बसला. मी चिडलो, तर म्हणाला, "देखो भाऊ, कागद कोरडा राहिला की मगच बटण दाबायचं. आणि पाणी सिर्फ डिस्टिल्ड."

मी पक्का बुरहानपूरचा. आमच्या कुंडी भंडाऱ्याच्या, म्हणजे जुन्या भुयारी विहिरींच्या, गोड पाण्यापुढे बाटलीतलं पाणी काय, म्हणून कॉम्प्युटरमधल्या पाण्याची पातळी उतरली तेव्हा मी तेच ओतलं. काही महिन्यांत पंप बंद पडला. त्याच्या भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो, "ठिबकवाल्याला काय कळतं यातलं? डिस्टिल्डच घातलं होतं मी!"

त्याने नळी काढून उजेडात धरली. आत पांढरा क्षार साचला होता. तसला क्षार त्याने बागांमध्ये वर्षानुवर्षं खरवडला होता. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं, नळी फडक्यात गुंडाळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देखो भाऊ, पंप मीच चुकीचा बसवला."

चार लोकांत त्याने मला खोटं पाडलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.