कोरं करकरीत मशीन

ड्रममास्तरांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला धक्काच बसतो. दार उघडलं की समोर कपडे धुण्याचं मशीन. त्याला वळसा घालून पुढे जावं तर दुसरं. बाल्कनीत चार, बाहेरच्या खोलीत पाच, आणि पलंगाच्या उशाशी एक जुनंपुराणं गोलमटोल मशीन, ज्याच्या झाकणावर मास्तर रोज चष्मा काढून ठेवतात. एकूण सतरा. पाहुणे मास्तरांच्या बायकोकडे कीव आल्यासारखं बघतात. ती म्हणते, "बसा ना, कुठल्याही मशीनवर बसा. खुर्च्यांना जागा उरली नाही." घरचे कपडे मात्र ती अठराव्या, साध्या मशीनमध्ये धुते, कारण त्या सतरांपैकी एकालाही मास्तर मळका कपडा लावू देत नाहीत.

चाळीस वर्षं त्यांनी दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, पेपर वाचतात, सुनेच्या हातच्या चहाला नावं ठेवतात. मास्तर भंगारवाल्यांच्या दारात उभे राहू लागले, आणि गल्लीने त्यांचं नाव ड्रममास्तर पाडलं. गंजलेलं, पोचे पडलेलं, पट्टा तुटलेलं मशीन दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांचा नियम एकच होता. मशीन दुकानातून निघालं त्या दिवशी जसं होतं, तसंच दिसलं पाहिजे. पोचा आतून ठोकून काढायचा, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंगाचे तीन हात द्यायचे. तुटकं बटण चिकटवायचं नाही. त्याच बनावटीचं न वापरलेलं बटण मिळेपर्यंत थांबायचं, मग त्यात दोन वर्षं का जाईनात. एक ओरखडा राहिला तरी ह्या गृहस्थांना घास गोड लागत नसे.

आणि अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीचं मशीन बघवत नव्हतं!

थोरली बहीण, ताई, दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. पस्तिशीत तिची दृष्टी गेली, पुढे नवराही गेला, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला. ताई कुठे गेली नाही. स्वयंपाक, झाडलोट, धुणं, सगळं तिचं ती करायची. मशीन बत्तीस वर्षांचं, दोन टबांचं, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं. पट्टा बदलायला मास्तरांनी ते दोनदा मागून उघडलं होतं, पण पुढच्या बाजूकडे बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बटणांच्या कडा उंदराने कुरतडाव्यात तशा. बटणांखालच्या पट्टीवर नेलपॉलिशचे थेंब वाळून खड्यासारखे झालेले. टबाच्या आत भिंतीला कसलासा टणक गोळा चिकटलेला. नातवंडांचे उद्योग, मास्तर मनात म्हणायचे.

"ताई, आठ दिवस दे मला. ओळखू येणार नाही असं करून देतो."

"म्हणूनच नको," ताई म्हणायची.

मास्तर हसायचे. ताईचा स्वभावच तसा, त्यांना वाटायचं. आपण कसं निभावतो हे ती कुणाला सांगत नसे. सांगितलं की लोक च् च् करतात, आणि त्या च् च् ची तिला चीड होती.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने हट्टच धरला. "आई, आता बास. माझ्याकडे ये." दोघांची फोनवर बरीच वादावादी झाली आणि शेवटी एक करार झाला. ताईने आठ दिवस त्याच्याकडे राहून यायचं. मग तो तिला सोडायला येईल, एक दिवस घरी थांबेल, आणि तिचं ती सगळं नीट करताना त्याने डोळ्यांनी पाहिलं, तर पुन्हा विषय काढणार नाही. जाताना ताईने झाडांना पाणी घालायला किल्ली मास्तरांकडे दिली.

मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मशीन झकास झालं, तर भाच्याचं तोंड आपोआप बंद होईल!

आठ दिवस मास्तर त्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले. बायको डबा आणून द्यायची. त्यांनी नेलपॉलिशचे थेंब थिनरने पुसले. टबातला गोळा पटाशीने अलगद काढला. पत्र्याला रंग दिला, मोटर साफ केली, पट्टा ताणून बसवला. आणि शेवटी स्वतःच्या कपाटातून ती डबी काढली, जिच्यात त्याच बनावटीची तीन कोरी बटणं होती. तीन जुन्या मशीनच्या मोबदल्यात मिळवलेली ती बटणं त्यांनी स्वतःच्या संग्रहासाठी जिवापाड जपली होती. ती ताईच्या मशीनला लावली. कुरतडलेली जुनी बटणं कचऱ्याच्या गाडीत गेली.

रविवारी सकाळी ताई आली. मागे बॅग घेऊन मुलगा. मास्तर आधीच येऊन स्वयंपाकघरात उभे, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"आधी प्रवासाचे कपडे धुऊन टाकते," ताई मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. कपड्यांचा बोळा हातात घेऊन सरळ मशीनपाशी गेली. हात झाकणावर ठेवला आणि तशीच थांबली.

"ओळखू आलं नाही ना?" मास्तर आनंदाने ओरडले. "मी म्हटलंच होतं!"

 ताईचा अंगठा पहिल्या बटणावरून गोल फिरला. मग दुसऱ्यावरून. मग पट्टीवरून डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे. मुलगा दारात उभा राहून बघत होता. ताईने मान ताठ केली, कपडे टबात टाकले, नळाची नळी आत सोडली आणि दुसरा हात टबाच्या भिंतीला लावून थांबली. पाणी चढू लागलं. तिची बोटं भिंतीवर काहीतरी शोधत होती. पाणी मनगटाच्या वर गेलं, कोपराशी आलं. बोटं शोधतच राहिली.

तेव्हा कुठे मास्तरांच्या लक्षात आलं. तो गोळा! पाणी कुठे थांबवायचं, हे ताईला तो गोळा सांगत होता.

"ताई, बंद कर!" ते ओरडले. पाणी काठावरून खाली सांडलं. ओरडण्याने ती दचकली, टबातलं पाणी बाहेर सोडायचं बटण चाचपायला गेली आणि गुळगुळीत तीन बटणांतलं भलतंच तिने फिरवलं. मोटर तर मास्तरांनी नव्या दमाची केलेली. भरलेला टब असा काही घुसळला की साबणाचं पाणी तिच्या तोंडावर, छातीवर, सगळ्या फरशीवर उडालं. ताईचा पाय सरकला. आधाराला तिने मशीनच धरलं, आणि मुलाने धावत येऊन तिला धरलं.

मास्तरांनी प्लग ओढला. 

"माझं मशीन कुठे आहे?" ताईने विचारलं. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, पण तिने ते पुसलं नाही. "हे कुणाचं आणून ठेवलंय?"

मास्तर त्या गुळगुळीत पट्टीकडे बघत राहिले. चाळीस वर्षं आवाजावरून मोटरचं दुखणं ओळखणारा माणूस! बत्तीस वर्षं ज्या खुणा बहिणीचे डोळे होत्या, त्या त्याने थिनरने पुसल्या होत्या, आणि वर हसत उभा राहिला होता. 

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "बॅग उघडू नकोस. संध्याकाळी परत निघू."

"थांब!" मास्तर म्हणाले. "मला एक तास दे. कानस आहे माझ्याकडे. खाचा पाडतो, थेंब लावतो, गोळा बसवतो. ताई, तू फक्त सांग कुठली खूण कुठे होती. केसभरही फरक पडू देणार नाही."

ताईने ओला हात पुढे केला, हवेतच बोटं थोडी हलवली, जणू समोर पट्टी आहे. मग हात खाली घेतला.

"मला नाही सांगता येत रे. एकदा चुकलं की एक खूण केली, असं करत झाल्या त्या. किती होत्या तेही मी मोजलं नाही. हात लावला की कळायचं."

मास्तर त्या ओल्या फरशीवर बसले आणि रडले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, भाच्यासमोर. खूण कुठे होती हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या बटणांना ठाऊक होतं, ती गाडीतून गेली होती.

संध्याकाळपर्यंत मुलगा मऊ आवाजात समजावत होता आणि ताई ऐकत होती. करार तिचाच होता. शब्द फिरवणारी ती नव्हे.

निघताना ती मशीनपाशी गेली. झाकणावरून एकदा हात फिरवला.

"शेजारीण येऊन बघून गेली मघाशी. म्हणाली, अगदी कोरं करकरीत केलंय मास्तरांनी." ती भावाकडे वळली. "छानच केलं असशील. मला दिसत नाही एवढंच."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी आधाराला हात पुढे केला, पण तो तिने धरला नाही. कठड्याला धरून ती एकटीच जिना उतरली, कुठेही न अडखळता. त्या पायऱ्यांना अजून कुणी हात लावला नव्हता.