जाऊबाईंचा नाडा

माझ्या मोठ्या जाऊबाई परकराचा नाडा इतका घट्ट आवळायच्या की कमरेवर काळा पट्टाच पडला होता. "नाडा ढिला तर बाई ढिली," म्हणायच्या. हिंदी मुलखात, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी लग्नाचे पापड त्यांच्याच हाताखाली होत. उडदाचं पीठ कुटायला उभ्या राहिल्या की आधी नाडा पुन्हा एकदा ओढून घ्यायच्या.

चारचौघींत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. बायकांनी छेडलं की जाऊबाईच उत्तर द्यायच्या. "तिले काहून सतावता? तिचे पापड पाहा, अन् आपले पाहा."

कमरेला जखम झाली ती त्यांनी कोणाला दाखवली नाही. हळद-तूप लावायचं, वर फडकं ठेवायचं आणि नाडा पुन्हा त्याच जागी. खाली सरकवणं त्यांना नटवेपणा वाटे. अशी कित्येक वर्षं गेली. एकदा धुताना परकराला रक्त दिसलं. मी त्यांच्या मुलाला सांगितलं, तर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पण दवाखान्यात आल्या.

जखमेचा तुकडा काढून तपासला, तर कातडीचा कॅन्सर निघाला. जांघेतल्या गाठींपर्यंत गेला होता. डॉक्टरीण तरुण होती. तिला मराठी समजे, बोले हिंदीत.

"आंटी, घाव होता है तो चमड़ी बारीक-बारीक प्रोटीन छोड़ती है. वो बुलावा है, कि शरीर के पहरेदार आओ, इसे भरो. आपका नाड़ा रोज़ वहीं रगड़ता रहा, तो बुलावा बरसों बंद नहीं हुआ. फिर उसी से कैंसर पलने लगा."

जाऊबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मदतीले बोलावलेले पाहुणे घरच खाऊन बसले."

"हाँ आंटी, कुछ वैसा ही."

"मंग हाकला त्याइले."

ऑपरेशन झालं, केमोच्या सुया झाल्या. मधे थोडा उतार वाटला, मग दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी पाणी पाजत होते. म्हणाल्या, "बायका लपवतात वो. मी लपवलं. तू पाहत जा."

"मले नाही जमत बाई, कोणाले विचारनं."

"हव," म्हणून मान डोलावली आणि डोळे मिटले. होळीच्या आधी गेल्या.

यंदा पापडाला पुतणी आली होती, घरातही हिंदीच बोलणारी. पाट्यावर वाकली की तिचा हात सारखा कमरेला जाई. मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि म्हटलं, दाखव.

"काकी, आपको शरम नहीं आती?"

"येते," मी म्हटलं. "तरी दाखव."