रजा मिळाली नाही

"हे लिहून देशील?" काका कुणालाही म्हणत. काकूंच्या आमटीला कुणी छान म्हटलं, तरी दुखरा डावा पाय लांब करत म्हणत, "लिहून देशील? खाली सही, तारीख." सगळे हसत. पहिल्या खेपेला मीही हसले होते.

खरं तर त्या घरात तेव्हा हसण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. ऐंशीच्या दशकातलं, टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळचं शुगर लँड. काका एसी दुरुस्त करायचे, आणि तिथले एसी बसवलेले असतात पोटमाळ्यावर. ऑगस्टात तिथे तासाभरात पापड वाळावेत. वर्षानुवर्षं शिड्या चढून काकांचा खुबा झिजला. शिडी चढवेना, तसं कंपनीनं बोलावणं कमी केलं, मग बंदच केलं. काकू मोटेलात चादरी बदलायला जाऊ लागल्या. ऑपरेशन हवं होतं आणि इन्शुरन्स नव्हता.

माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात ते झालं असतं. काका माजी सैनिकच होते, व्हिएतनामला वर्ष काढलेले. पण त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर शेरा होता, 'अनडिझायरेबल'. नको असलेला माणूस. खिडकीवरची बाई तेवढा शब्द वाचायची आणि कागद परत सरकवायची.

मी तेव्हा ह्यूस्टनला केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होते; काका-काकू नात्यातले नव्हेत, पण सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला असायचे. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी, घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी तेव्हा मिरवायचे, आजही मिरवते. म्हणूनच काकांनी फाइल माझ्यापुढे ठेवली.

"तू शिकलेली आहेस. डिस्चार्जनंतर पंधरा वर्षांच्या आत अर्ज करता येतो, म्हणे. माझे दहा महिने उरलेत."

हकिगत साधी होती. शिकायला आलेले काका फी झेपेना म्हणून कॉलेजातून बाहेर पडले, आणि ग्रीन कार्ड असल्यामुळे सैन्याचं सक्तीचं बोलावणं आलं. व्हिएतनामहून परतून छावणीत असताना वडील गेल्याची तार आली, तीही चौथ्या दिवशी. रजा मागितली. सार्जंट म्हणाला, "फ्युनरल तर झालं ना? मग आता जाऊन काय करणार?"

"त्याला दहावा कसा समजावायचा?" काका म्हणत. "माझं इंग्लिश तेवढं नव्हतं गं."

एकुलता एक मुलगा. न सांगता निघाले; कागदावरचा तो शेरा त्याचाच. तिकडे आईनं अंथरूण धरलं, म्हणून राहणं लांबलं. पस्तिसाव्या दिवशी स्वतः होऊन छावणीच्या फाटकावर हजर झाले, डोकं भादरलेलं.

"सैन्यात सगळ्यांचीच भादरलेली! कुणाला काय कळणार?" असं म्हणून ते मोठ्यानं हसायचे, आणि काकू उठून आत जायच्या.

मी झोकात अकरा पानी अर्ज लिहिला. पिंड, पितृऋण, सगळं घातलं. वाटलं, वाचून अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. चार महिन्यांनी उत्तर आलं, पुराव्याअभावी अमान्य. तार हरवलेली. गावात मृत्यूची नोंद कुणी केलेलीच नाही. पासपोर्टवरचा शिक्का एवढंच सांगत होता की माणूस भारतात गेला. मौज करायला गेला की बापाला पोचवायला, ते शिक्का सांगत नाही.

आता डॅलसला फेरतपासणी मंडळापुढे उभं राहून सांगायची एकच संधी उरली. त्या दिवसांत काका खुर्चीतून उठेनासे झाले. एकदा भिंतीकडे बघत म्हणाले, "गेलो नसतो तर बरं झालं असतं. कुणीही दिलं असतं पाणी."

काकूंनी हातातला डाव ओट्यावर आपटला. "पुन्हा हे बोललात तर मी या घरात राहणार नाही!"

मला माझ्या अकरा पानांची लाज वाटली. मी वही उघडली. "काका, तिथे तुम्हाला कुणी पाहिलं?"

"आई. गेली. चुलते. तेही गेले. अस्थी घेऊन नाशिकला गेलो, तिथे उपाध्याय होते. त्यांनी वहीत लिहून घेतलं..."

"काय लिहून घेतलं?"

"घेतात की सगळ्यांचंच. पण ती वही सरकारी थोडीच आहे?"

तुम्ही पाहिलं असेल, नाशिकच्या उपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. गाव-आडनाव सांगितलं की पणजोबांची सही काढून दाखवतात. मी मालेगावला भावाला पत्र टाकलं. त्यानं एका दिवसाचा खाडा केला आणि नाशिक गाठलं. उपाध्याय वही घराबाहेर नेऊ देईनात, तेव्हा हा फोटोग्राफरलाच त्यांच्या ओसरीवर घेऊन गेला.

फोटो आला. काकांचं तरणं अक्षर, तिथी आणि तारीख. 'वडिलांच्या अस्थी घेऊन आलो. अमेरिकेच्या सैन्यात नोकरीस आहे. रजा मिळाली नाही.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. रजा नसल्याचं माहीत असून गेले, हे त्यांच्याच हातचं लिहिलेलं होतं.

काकू हळूच म्हणाल्या, "तेवढं ट्रान्सलेशनमध्ये गाळ ना. मराठी कोण वाचतंय तिथे?"

खोटं कशाला सांगू, मीही गाळणार होते. माझं पेन तिथेच थांबलं होतं.

काका म्हणाले, "नाही. लिहिलंय ते सगळं दे."

चार तास ड्राइव्ह करून डॅलसला गेलो. पाच अधिकारी. मी भाषांतर वाचलं, शेवटच्या वाक्यासकट. मधल्या अधिकाऱ्यानं फोटो उचलला.

"ही वही कुणाची?"

"आमच्या उपाध्यायांची, सर," काका म्हणाले.

"त्यात एखाद्यानं खोटं लिहिलं तर?"

काकांना प्रश्नच कळेना. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. खुबा सांभाळत उभे राहिले.

"तिथे कोण खोटं लिहील, सर? बापाच्या नावाखाली?"

मधल्यानं फोटो खाली ठेवला. मग कडेच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "आणि परत का आलात?"

"नोकरी होती, सर."

पंधरा वर्षं भरायला तीन आठवडे असताना निकालाचं पत्र आलं. मंडळानं 'अनडिझायरेबल' काढून 'जनरल, सन्माननीय परिस्थितीत' असा शेरा दिला. पूर्ण 'ऑनरेबल' दिला नाही. पुढच्या मार्चमध्ये माजी सैनिकांच्या इस्पितळात काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ते सहा वर्षं जगले, आणि ती सहाही वर्षं आपल्या पायांनी चालले.